वेताळ आणि वेतोबा : आपल्या चित्रकथांतील आपलेपणाचा शोध



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून चित्रकथांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. पगारवाढ, बोनस, टाळेबंदी हे माझे नेहमीचे विषय. माझे शाळेतील शिक्षण नववीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते छापखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिताचा आव आणून मी बोलणार नाही. परंतु माझ्या पिढीतील कामगारांच्या मुलांनी आपखुशीने जे पहिले वाचन केले, ते चित्रकथांचे होय. ज्या कागदाने आम्हांला वाचनाची गोडी लावली, तो कुठून आला आणि त्याने आमच्या मनात काय पेरले, याचा हिशेब मांडणे हेही एक कामच आहे.

आरंभी एक घरगुती प्रसंग सांगतो. साल १९८० च्या सुमाराचे. मी दहा वर्षांचा होतो. गिरणगावातील आमच्या चाळीखाली नाक्यावर एक गृहस्थ गोणपाट अंथरून जुनी मासिके मांडीत. दहा पैसे दिले की एक चित्रकथा तिथेच उभ्याने वाचावयास मिळे. एके दिवशी मी त्यांच्याकडून ‘इंद्रजाल’चा एक फाटका अंक घरी आणला आणि आजीला म्हणालो, “आजी, वेताळाची गोष्ट वाचून दाखवू?” आजी मूळची वेंगुर्ल्याकडची. वेताळ हा शब्द कानी पडताच तिने हातातले तांदळाचे सूप खाली ठेवले आणि डोळे मिटून हात जोडले. कारण तिच्या लेखी वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा. तो रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, गावाचे रक्षण करतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी तिकडे श्रद्धा आहे. म्हणूनच लोक त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. मी अंक तिच्यापुढे धरला. तिने चित्र न्याहाळले आणि म्हणाली, “झिला, ह्यो गोरो कोण? आमचो वेतोबा असो नाय.”

त्या वेळी मला हसू आले. आज मात्र वाटते की, या विषयावर पुढे मी जे काही वाचले, त्याचे सार त्या निरक्षर बाईने एका वाक्यात सांगितले होते.

आता हा गोरा वेताळ आला कुठून ते पाहू. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली ‘फँटम’ निर्माण केला. त्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १९३४ साली, त्याने जादूगार मँड्रेक आणला होता. या दोन्ही मालिका किंग फीचर्स सिंडिकेट या अमेरिकन संस्थेमार्फत जगभरच्या वृत्तपत्रांना विकल्या जात. फँटमची मूळ कल्पना अशी : चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेल्या एका गोऱ्या तरुणाने कवटीवर हात ठेवून अन्यायाशी झुंजण्याची शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवीत आला, आणि रानातल्या लोकांना वाटते की हा एकच अमर पुरुष आहे. इंग्रजीत त्याला ‘चालते भूत’ अशा अर्थाचे बिरुद आहे. तो कवटीच्या गुहेत, कवटीच्या सिंहासनावर बसतो. त्याच्या भोवती काळी, ठेंगणी वनवासी माणसे अदबीने उभी असतात. त्या जमातीचे नाव ‘बंदर’ ठेवलेले आहे. हिंदीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि पहिला मान या फँटमला दिला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघू लागले. मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. बंगालीत त्याला ‘अरण्यदेव’ हे नाव मिळाले. संपादकांनी आणखीही काळजी घेतली. मूळ कथेतील देशाचे ‘बेंगाला’ हे नाव येथील वाचकास खटकेल, म्हणून त्याचे ‘डेंकाली’ केले. मुळातले ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. म्हणजे परदेशी कथेतील आपला अपमान होईल तेवढा भाग पुसून टाकला गेला. नावे बदलता आली, परंतु कथेची बैठक बदलता आली नाही. काळ्या माणसांच्या रानात न्याय करावयास गोरा माणूस हवा, ही बैठक मराठी शब्दांच्या आत जशीच्या तशी बसून राहिली. आणि तिला नाव मिळाले ते आमच्या वेशीवरच्या देवाचे!

येथे कोणी विचारील की, आपल्याकडे चित्रकार नव्हते काय? परदेशी माल का घ्यावा लागला? कामगार चळवळीतील माणसाला या प्रश्नाचे उत्तर लवकर सापडते, कारण ते दराच्या हिशेबात आहे. सिंडिकेट एकच चित्रमालिका शेकडो वर्तमानपत्रांना विकते. चित्रकाराचा, लेखकाचा, अक्षरे काढणाऱ्याचा मोबदला त्या शेकडो ग्राहकांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्यास थोडा खर्च येतो. उलट येथील चित्रकाराकडून बत्तीस पाने नव्याने काढून घ्यावयाची, तर सारा बोजा एकाच प्रकाशकाच्या डोक्यावर. मँचेस्टरचे कापड हातमागाच्या कापडापेक्षा स्वस्त का पडले, तोच हा न्याय. तेव्हा परकीय चित्रकथा आली ती आपल्या मनाच्या गुलामगिरीमुळेच आली, असे म्हणणे पुरे नाही. ती तयार माल म्हणून आली.

हा तयार माल मी जवळून पाहिला आहे. शाळा सुटल्यावर मी एका छापखान्यात उमेदवारीला लागलो. तेथे परदेशी चित्रांची मराठी पुस्तके छापली जात. चित्रांचे फोटो तयारच येत. त्यांतील बोलण्याचे फुगे रिकामे केलेले असत आणि आमचा अक्षरलेखक दौत-टाक घेऊन त्यांत मराठी वाक्ये भरी. फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाचा. आमच्या अक्षरांना वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. इंग्रजीच्या चार ओळी बसतात तेथे आमच्या तीन मावतात. मग भाषांतर कापा, शब्द तोडा, ‘परंतु’चे ‘पण’ करा! तो अक्षरलेखक एकदा मला म्हणाला, “अरे, दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यात आपलं अंग कोंबायचं, हे माझं काम.” पुस्तकावर त्याचे नाव कधी छापले गेले नाही. पानामागे ठरलेले पैसे मिळत, तेही महिनोन् महिने थकत. युनियन कशासाठी असते, याचा पहिला धडा मला तेथे मिळाला. असो.

परंतु मापाचा सदरा परका आहे म्हणून तो अंगावर घालूच नये काय? या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्राचा इतिहास काय सांगतो, ते पाहण्यासारखे आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्याच मालकीचा झाला. तैलचित्रांची पद्धत तर मुळातच युरोपची. तरीही त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी भिंतीवर गेली, आणि आज डोळे मिटले तर आपल्यापुढे तीच रूपे उभी राहतात. याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनी ठसे करण्याचे काम केले होते. पुढे मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांना पडद्यावर राम आणि कृष्ण दिसू लागले. विलायतेला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला. आमच्या गिरण्यांचीही हीच कथा. चाती आणि माग लँकेशायरचे. परंतु त्या मागांवर राबणाऱ्या माणसांनी जी भजनी मंडळे, तमाशाचे फड आणि शाहिरी उभी केली, ती काही लँकेशायरहून आली नव्हती.

अनंत पै हे याच परंपरेतले. जन्म १९२९ चा, कर्नाटकातील कारकळचा, कर्मभूमी मुंबई. इंद्रजालच्या कामाचा त्यांना अनुभव होता. १९६७ साली दिल्लीस दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत त्यांनी पाहिले की, मुलांना ग्रीक देवतांविषयीचे उत्तर येते, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही. त्यातून इंडिया बुक हाऊसच्या आश्रयाने ‘अमर चित्र कथा’ उभी राहिली. गंमत अशी की, या मालिकेचे पहिले दहा क्रमांक सिंड्रेलासारख्या परकीय परीकथांचे होते. अकरावा क्रमांक ‘कृष्ण’. त्याची चित्रे मुंबईच्या राम वाईरकरांनी काढली. पुण्याचे प्रताप मुळीक, तसेच दिलीप कदम अशा कितीतरी मराठी हातांनी ही मालिका सजविली. चौकट परदेशी, फुगा परदेशी, शरीराचे आखीव स्नायू परदेशी आणि आत कृष्ण. फाळक्यांनी केले तेच हे.

या मालिकेने मोठे काम केले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. एका राज्यातील मुलाला दुसऱ्या राज्यातील वीरांची आणि संतांची ओळख झाली. १९७९ साली तिने बाबासाहेब आंबेडकरांवरही पुस्तक काढले. ते शां. शं. रेगे यांनी लिहिले आणि दिलीप कदमांनी चितारले. परंतु गुण मान्य केल्यावर दोषही पाहावयास हवेत. या चित्रांत देव आणि राजकन्या उजळ, असुर काळे आणि बोजड. राजे, ऋषी, सेनापती यांची गर्दी; परंतु सुतार, कोष्टी, हमाल यांना जागा बहुधा चित्राच्या कडेला, जयजयकार करण्यापुरती. म्हणजे गोऱ्या वेताळाच्या जागी आपला राजा आला, हे ठीक. पण त्याच्या भोवती अदबीने उभी असलेली माणसे जेथल्या तेथेच राहिली. मला वाटते, आपलेपणाचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

तो प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला, ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांत होते. घरात पैसा नव्हता, त्यामुळे दहा पैशांची चित्रकथाही बंद झाली. मग मी संपाच्या हस्तपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच चित्रकथा काढू लागलो. तीत वेताळ घोड्यावरून गिरणीच्या फाटकाशी येतो, एका ठोशात सगळ्यांना लोळवतो आणि गुंडांच्या गालावर कवटीचा ठसा उमटतो. भोवती कामगारांची गर्दी मी रेघोट्यांनी दाखविली होती. वडिलांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, “हा एकटा मारतोय. मग ही बाकीची माणसं काय करतायत?” मला उत्तर देता आले नाही. मी काढलेल्या रेघोट्या काहीच करीत नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या.

संपाचे पुढे काय झाले, ते आपण जाणता. वडिलांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. परंतु त्यांचा तो प्रश्न मी जन्मभर बाळगला आहे, आणि चित्रकथा हाती आली की आजही प्रथम तोच विचारतो.

या कसोटीवर काही देशी प्रयत्न पाहू. इंद्रजालमध्येच १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. सुरती मुंबईच्या डोंगरी भागात वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या आगगाडीतून भिरकावलेल्या कॉमिकची पाने मुलांनी झोंबाझोंबी करून लुटली आणि आपल्या वाट्यास आलेल्या पानावरून आपल्याला चित्रकथेचे वेड लागले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. परक्याने फेकलेल्या कागदातून येथे एक चित्रकथाकार उभा राहिला. त्यांचा बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. चंबळच्या दरोडेखोरांचा प्रश्न त्या काळी रोजच्या वर्तमानपत्रात होता, आणि कथा तेथूनच उचललेली. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स! पुष्कळ जण या पोशाखाचे कौतुक करतात. मला मात्र दुसरी गोष्ट मोलाची वाटते. बहादूर एकटा लढत नाही. दरोडेखोरांशी सामना देण्यासाठी तो नागरिकांचे दल उभारतो. गावची माणसे येथे कडेवरून आत येऊ लागली.

उत्तरेकडे प्राण यांनी ‘चाचा चौधरी’ आणला. पागोटे, काठी आणि डोक्यातली अक्कल एवढेच त्याचे भांडवल. बळासाठी जोडीला साबू आहे, पण तो परग्रहावरचा! मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये दिसू लागला. दैनिकातील तीन-चार चौकटींची पट्टी हा प्रकार अमेरिकन. परंतु ‘चिंटू’तली खोडी, त्याची आई, शेजारपाजार हे सगळे आपल्या गल्लीतले. तेथे कोणी कोणाचा तारणहार नाही, म्हणून कोणी वाट पाहत उभेही नाही. इंद्रजाल मात्र १९९० साली बंद पडले, आणि बहादूरचा तो धागा त्याच्याबरोबर तुटला.

आता याच्या उलट टोकाचा मासला पाहा. २००४ साली अमेरिकेच्या स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईस शिकावयास आलेला हा मुलगा धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारतो. त्याला शक्ती मिळते ती एका योग्याकडून. चारच अंक निघाले, परंतु २०२३ च्या हॉलीवूडपटात हा वीर पुन्हा अवतरला. धोतर आहे, योगी आहे, मुंबई आहे. आपलेपणाचे सगळे सामान जमविलेले आहे. आणि तरीही गिरणगावातला कोणीही मुलगा सांगेल की, धोतर नेसून पाण्याच्या टाकीवर चढणारा माणूस आमच्या मुंबईत कोणी पाहिलेला नाही. नाव मराठी वाटते, पण ते पीटर पार्करच्या नादावर बेतलेले. या वीराची मालकी अमेरिकन कंपनीची. वेताळाला नुसते मराठी नाव मिळाले होते, याला कपडेही मिळाले. आजी असती, तर तिने पुन्हा तेच विचारले असते.

दुसरीकडे काही अभिमानी लोक म्हणतात की, चित्रकथा हा प्रकार मुळात आमचाच; कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी पाहा. ठाकर समाजातील कलावंत सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी एकेक पान पुढे करून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गातात, हे खरे. ती कला परशुराम गंगावणे यांनी निष्ठेने सांभाळली आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हेही खरे. परंतु तेथे चित्र मुके असते आणि माणूस बोलतो. छापील चित्रकथेत माणूस गप्प वाचतो आणि चित्र बोलते. हे दोन वेगळे धंदे आहेत. खोट्या वंशावळीने अभिमान पुरा होत नाही. पिंगुळीकडून शिकावयाचे ते निराळेच : गोष्ट सांगणारा आणि गोष्ट ऐकणारा एकाच अंगणात बसलेले असतात.

ते शिकलेले एक पुस्तक माझ्या पाहण्यात आहे. २०११ साली नवयाना प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. विषय बाबासाहेब आंबेडकर. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. माणसांना चौकटीत कोंबणे या दोघांना मानवले नाही. त्यांनी चौकटी मोडल्या आणि गोंड घरांच्या भिंतींवर व अंगणात रेखतात त्या नक्षीने पाने विभागली. फुग्यांचेही तसेच. गोड बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार, विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. आमचा तो अक्षरलेखक हे पाहून काय म्हणाला असता, असे माझ्या मनात आले. दुसऱ्याच्या मापाचा सदरा येथे उसवून पुन्हा आपल्या अंगाला शिवला होता.

आणि कथा कशाची? पाण्याची. तहानलेल्या भीमाला पाणी नाकारले जाते, तेथपासून ती महाडला येते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याकडे निघाले, तेव्हा त्यांच्यामागे हजारो माणसे चालत गेली आणि आपल्या ओंजळीने पाणी प्यायली. मुखवटा चढवून रात्री कोणी त्यांच्यासाठी पाणी चोरून आणले नाही. वडिलांच्या प्रश्नाला जे उत्तर मी १९८२ साली देऊ शकलो नाही, ते या प्रसंगात आहे. बाकीची माणसे काय करतात? ती तळ्याकडे चालत जातात.

श्रोतेहो, एवढ्या विवेचनानंतर माझे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. परक्याचे यंत्र, परक्याची चौकट घेण्यात लाज नाही. रविवर्म्याने घेतली, फाळक्यांनी घेतली, आमच्या बापजाद्यांनी परक्या मागांवरच पोट भरले. परक्याचा तयार माल स्वस्त पडतो म्हणून आपला चित्रकार उपाशी ठेवणे, याची मात्र लाज वाटली पाहिजे. आणि त्याहून अधिक सावध राहावयाचे ते एका सवयीपासून : कोणीतरी येईल, आपल्याकरिता लढेल, आपण कडेला उभे राहून पाहू. ही सवय गोऱ्या वेताळाने एकट्याने लावली, असे मी म्हणणार नाही. अवताराची वाट पाहणे आपल्या घरातही जुनेच आहे. म्हणून तर वेताळ येथे इतक्या लवकर घरचा झाला.

मुलांच्या हातून चित्रकथा हिसकावून घेऊ नका. माझ्या हातून कोणी हिसकावली असती, तर मी आज आपल्यापुढे उभा नसतो. मुलाशेजारी बसा, त्याच्याबरोबर ती वाचा आणि एवढेच विचारा की, ही बाकीची माणसे काय करीत आहेत. ज्या मुलाला तो प्रश्न टोचेल, तो मोठेपणी कदाचित वेगळी गोष्ट काढील.

आजीच्या वेतोबाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. इंग्रजीतले ते चालते भूत कोणाचे बूट घालून चालते, हे त्या कथेत कुठे सांगितल्याचे मला आठवत नाही. वेतोबाच्या वहाणा मात्र कोणीतरी चांभार आपल्या हातांनी शिवतो, आणि माणसे त्या डोक्यावरून वाहून नेतात. त्यांनी त्या नेल्या नाहीत, तर देवाला अनवाणी चालावे लागेल.